उधारीच्या कार्डावर सुटीचा प्रवास



दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे सुरत शहराचे रूप पालटते. हिऱ्यांचे कारखाने दोन-तीन आठवडे बंद राहतात, कापडबाजार शांत होतो, आणि सुरत व उधना ह्या स्थानकांवर पाय ठेवावयास जागा उरत नाही. खानदेशचा मजूर आपल्या गावी जातो, सौराष्ट्राचा कारागीर आपल्या वाडीकडे निघतो, आणि ज्याच्या हाती चार पैसे खेळतात असा सुरतकर गोव्याची वाट धरतो. ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी म्हण गुजरातेत फार दिवसांची आहे. चांगले खावे, चांगले ल्यावे, चार ठिकाणे पाहावी, ही हौस ह्या शहराच्या पाण्यातच आहे. आपली जी कुटुंबे नोकरीधंद्याच्या निमित्ताने येथे येऊन राहिली आहेत, त्यांनाही ह्या पाण्याचा गुण लागला तर नवल नाही. सुटीत म्हाताऱ्या आईबापांस जुन्या गोव्यास किंवा वेलंकनीस न्यावे, मुलांस समुद्र दाखवावा, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि चांगलीही आहे.

ह्या इच्छेबरोबर एक नवा प्रश्न अलीकडे घरोघर ऐकू येतो. “फादर, क्रेडिट कार्डावर खर्च केला म्हणजे पॉइंट मिळतात, आणि त्या पॉइंटांवर रेल्वेचे व विमानाचे तिकीट फुकट निघते असे म्हणतात. हे खरे काय? आम्हीही कार्ड घ्यावे काय?” गावाकडील आईबाप हाच प्रश्न भीतीने विचारतात, तर शहरातील मुलगा तो उत्साहाने विचारतो. दोघांनाही एकच उत्तर उपयोगी पडेल, म्हणून ते आज थोडे विस्ताराने देत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की उधारीचा कागद घेऊन प्रवास करणे ही सुरतेला नवी गोष्ट नव्हे. मक्केच्या यात्रेस जाणारे लोक ह्याच बंदरातून गलबतात चढत असत. त्यांच्यासाठी १६४४ साली बांधलेली मुघलसराई आजही उभी आहे आणि तीत सुरत महानगरपालिकेची कचेरी आहे. वाटेत चोरदरोड्याचे भय असे, म्हणून शहाणा प्रवासी रोकड जवळ न बाळगता हुंडी घेऊन निघे. जुनागढच्या नरसी मेहत्यांनी द्वारकेच्या यात्रेकरूंना सातशे रुपयांची हुंडी शामळशा शेठच्या नावे लिहून दिली, ही कथा तर गुजरातेत लहान मूलही जाणते. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने ह्या हुंड्यांचे दर आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहेत. आग्र्यास पैसे उचलून सुरतेस दोन महिन्यांनी फेडावयाचे असतील, तर शेकडा सव्वाचार ते पाच रुपये द्यावे लागत. लाहोरहून सव्वासहा, आणि अमदाबादेहून एक ते दीड. त्याच काळी सुरतेचा प्रख्यात सावकार वीरजी व्होरा इंग्रजांच्या कंपनीला दरमहा एक टक्क्याच्या आसपास व्याजाने मोठाल्या रकमा देत असे.

हे आकडे मी मुद्दाम सांगितले, कारण आजच्या कार्डाची पारख त्यांवरून नीट होते. न्यूयॉर्क शहरात १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० साली ‘सेंट्रलकार्ड’ काढले. पुढच्याच वर्षी, १ मे १९८१ रोजी, अमेरिकन एअरलाइन्स ह्या विमान कंपनीने आपल्या नेहमीच्या उतारूंसाठी मैलांचे बक्षीस देणारी योजना सुरू केली, आणि कालांतराने कार्ड व मैल ह्यांचे लग्न लागले. आज ज्याला आपण पॉइंट म्हणतो ते ह्याच लग्नाचे अपत्य होय.

आता कार्डाचे दोन चेहरे पाहा. महिन्याचे बिल देय तारखेच्या आत संपूर्ण फेडणाऱ्यास बँक वीसपासून सुमारे पन्नास दिवसांपर्यंत उधारी देते, आणि तीवर एक पैसाही व्याज घेत नाही. ज्या सवलतीसाठी ताव्हेर्निएच्या काळी आग्र्याच्या व्यापाऱ्याला शेकडा चार-पाच रुपये मोजावे लागत, ती येथे फुकट मिळते आणि वर पॉइंटही मिळतात. परंतु बिल पूर्ण न भरणाऱ्यास हेच कार्ड दुसरा चेहरा दाखवते. पुष्कळ कार्डांवर व्याजाचा दर महिन्यास साडेतीन टक्के किंवा त्याच्या जवळपास असतो, म्हणजे वर्षास बेचाळीस टक्के. व्याजावर व्याज धरले तर पन्नासाच्याही वर. त्या व्याजावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी. वीरजी व्होरा सावकार होता, पण त्याचा दर ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच होता!

मग बँक एकाला फुकट उधारी आणि वर बक्षीस कसे देऊ शकते? पैसा आकाशातून पडत नाही. कार्डावर खरेदी झाली की दुकानदाराच्या रकमेतून साधारणपणे शेकडा दीड-दोन रुपये कापले जातात. काही कार्डांची वार्षिक वर्गणी असते. आणि जे लोक बिल पूर्ण भरू शकत नाहीत, त्यांचे व्याज असते. ह्या तीन विहिरींच्या पाण्यावर पॉइंटांचा मळा फुलतो. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अभ्यासकांनी २०१० साली ह्याचा हिशेब मांडला होता. दुकानदार कापलेला पैसा मालाच्या किमतीत मिळवून टाकतो आणि ती वाढीव किंमत सर्वांना पडते. त्यामुळे रोखीने घेणाऱ्या सरासरी कुटुंबाचे वर्षाकाठी १४९ डॉलर जातात, आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात ११३३ डॉलर पडतात, असे त्यांना आढळले. आकडे तिकडचे आहेत, तरी न्याय इकडेही तोच. एकाच्या स्वस्त तिकिटात दुसऱ्या कोणाचे तरी पैसे असतात. प्रश्न इतकाच की आपण कोणत्या बाजूस आहोत, आणि उद्या कोणत्या बाजूस जाऊन पडू.

ह्याचा हिशेब एका साध्या घराच्या उदाहरणाने करू. समजा, सुरतेतील एक कुटुंब किराणा, औषधे, मोबाइल, कपडालत्ता मिळून दरमहा वीस हजार रुपये कार्डावर खर्च करते. वर्षाचे झाले दोन लाख चाळीस हजार. पॉइंटांचे मोल शेकडा एक रुपया धरले, तर वर्षअखेर २४०० रुपये मिळाले. कार्डाची वर्गणी ५०० व तिच्यावर जीएसटी ९०, असे ५९० वजा केले, की हाती राहिले १८१० रुपये. हा झाला बारा महिने काटेकोर वागल्याचा लाभ.

आता ह्याच कुटुंबात एका महिन्यात आजारपण आले, किंवा पाहुणे आले, आणि वीस हजारांच्या बिलापोटी ‘मिनिमम ड्यू’ म्हणून छापलेले हजार रुपये तेवढे भरले. व्याज सुमारे ७०० रुपये व जीएसटी १२६, मिळून ८२६. आणि हे व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा ह्याहून अधिकच होतो. शिवाय जुनी बाकी उभी असेतोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. असे दोन महिने गेले की १६५२ रुपये गेले, म्हणजे वर्षाची कमाई जवळजवळ संपली. तिसऱ्या महिन्यापासून ते कुटुंब आपल्या फुकट प्रवासाचे भाडे स्वतःच भरू लागते, आणि दुसऱ्याच्याही! वाचकांनी हे उदाहरण पुन्हा एकवार वाचावे. सगळा विषय ह्यातच आला.

‘मिनिमम ड्यू’ ह्या दोन शब्दांनी जितकी घरे फसली आहेत, तितकी महागाईनेही फसली नसतील. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांत असे सांगितले आहे की नुसती किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज महिनोन्‌महिने, किंबहुना वर्षानुवर्षे, लांबते आणि व्याजावर व्याज चढते, ही सूचना बिलावर ठळकपणे असावी. न मागता कोणाच्या गळ्यात कार्ड बांधू नये, असेही त्यांत आहे. व्याजाच्या दरावर मात्र कोणी लगाम घालील अशी आशा धरू नये. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द ठरवला. तेव्हा आपला लगाम आपल्याच हाती ठेवला पाहिजे.

इतके जाणून ज्याला कार्ड घ्यावयाचे आहे, त्याने ते जरूर घ्यावे, आणि घेतल्यावर त्यातून मिळेल तेवढा लाभ पदरात पाडून घ्यावा. त्यासाठी काही व्यवहारी सूचना करतो.

पहिली गोष्ट अशी की आधी प्रवास ठरवावा, मग कार्ड. वर्षातून दोनदा रेल्वेने जाणाऱ्या कुटुंबाने विमान कंपनीचे मैल गोळा करणे म्हणजे शेत भाताचे आणि खरेदी उसाच्या चरकाची. रेल्वेची तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसीने स्टेट बँक, बँक ऑफ बडोदा अशा बँकांबरोबर संयुक्त कार्डे काढली आहेत. ह्यांचा मोठा लाभ मुख्यतः वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर असतो. समजा, सुरतेहून वसई रोडमार्गे मडगावास चार माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे थर्ड एसीने बारा हजार झाले आणि त्यावर दहा टक्क्यांचे पॉइंट मिळाले, तर बाराशे रुपये वाचले. परंतु जे कुटुंब एरवी स्लीपरने पाच हजारांत गेले असते, त्याने पॉइंटांच्या लोभाने एसीचे तिकीट काढले, तर बाराशे मिळवण्यासाठी सात हजार अधिक गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांसाठी एसीने जावे, ते योग्यच. पण मग त्याचे कारण आईचे गुडघे असावे, पॉइंट नव्हेत.

दुसरी गोष्ट, पॉइंट मोजू नयेत, रुपये मोजावे. दहा हजार पॉइंट साठले म्हणून पुष्कळजण हरखून जातात. एका कार्डावर पॉइंटाचे मोल पंचवीस पैसे असते, दुसऱ्यावर एक रुपया. म्हणजे तेच दहा हजार कोठे अडीच हजार होतात, कोठे दहा हजार. पुन्हा एकाच कार्डाचे पॉइंट बक्षिसांच्या यादीतील किटलीवर खर्चले तर कमी भरतात आणि तिकिटावर खर्चले तर अधिक भरतात. पॉइंट वापरण्याचीही फी कित्येक बँका घेतात. पेट्रोल, घरभाडे, विजेचे बिल अशा खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देतच नाहीत, किंवा नावापुरते देतात. हे सर्व कार्ड घेण्यापूर्वी विचारून, लिहून घ्यावे.

तिसरी गोष्ट तारखांची. बिल निघते त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोठी खरेदी केली, तर फेडावयास अधिकात अधिक दिवस मिळतात. बिलाच्या आदल्या दिवशी केली, तर कमीत कमी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण एकशेवीसऐवजी साठ दिवस आधी उघडते. वेलंकनीचा सण २९ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत असतो, म्हणून जाण्याच्या तिकिटाचा दिवस जूनच्या अखेरीस येतो. ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला गोव्यास जावयाचे, तर तो ऑक्टोबरच्या प्रारंभी येतो. हे दिवस घरच्या दिनदर्शिकेवर आधीच मांडून ठेवावे. वेळेवर काढलेले साधे तिकीट हे उशिरा काढलेल्या महाग तिकिटावरील पॉइंटांहून केव्हाही स्वस्त पडते.

चौथी गोष्ट, पॉइंट म्हातारे होऊ देऊ नयेत. पुष्कळांची मुदत दोन-तीन वर्षांची असते. आणि पॉइंट हे आपले धन नव्हे. ते देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. पॉइंट राहिले, पण नियम नव्या घरचे लागले. बँकेतील ठेवीचे असे होत नाही. म्हणून पॉइंट साठवीत बसू नये. पिकले की तोडावे.

पाचवी गोष्ट, परदेशी जाणाऱ्यांसाठी. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेच्या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि ज्यांचे आप्त आखाती देशांत आहेत त्यांची तिकडे ये-जा असते. तेथे कार्ड वापरल्यास पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी पडतो, म्हणजे शेकडा चार रुपयांहून अधिक. एक टक्क्याचे पॉइंट तेथे काय पुरे पडणार? दुकानदाराने “दिरहम की रुपये?” असे विचारले, तर दिरहमच सांगावे, रुपयांत घेतल्यास त्याच्या दराचा भुर्दंड पडतो. आणि देशात असो वा परदेशी, कार्डाने यंत्रातून रोकड कदापि काढू नये. तिला बिनव्याजी दिवस नाहीत. फी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

सहावी गोष्ट सावधगिरीची. “तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, येथे बोट दाबा,” असा निरोप मोबाइलवर आला, तर तो चोराचा समजावा. ओटीपी मागणारा कोणीही बँकेचा माणूस नसतो. फसगत झालीच, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब बँकेस कळवावे आणि १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीने पैसा वाचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: बँकेला अशी लेखी आज्ञा देऊन ठेवावी की देय तारखेस खात्यातून बिलाची *संपूर्ण* रक्कम आपोआप वळती व्हावी. अर्जात ‘किमान’ व ‘संपूर्ण’ असे दोन चौकोन असतात. खूण दुसऱ्यात करावी. त्या खात्यात तेवढी रक्कम राहणार नाही अशी ज्याला शंका आहे, त्याने कार्ड घेऊच नये. त्यात कमीपणा काही नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकला आहे; तो धनवानांना सांगितलेला नव्हता.

वरील हिशेबात वर्षभराच्या काटेकोर वागण्याचे फळ १८१० रुपये आले होते, हे विसरू नये. तेवढ्यात चार माणसे गोव्यास जाऊन येत नाहीत. प्रवास घडतो तो बचतीने. पॉइंट हे त्या जेवणातले तोंडीलावणे. दरमहा दोन हजार रुपये आवर्ती ठेवीत टाकणाऱ्या घराकडे वर्षअखेर चोवीस हजार आणि वर व्याज जमते. त्या पैशाने प्रवास ठरवावा, तिकीट कार्डाने काढावे, बिल ठेवीतून पुरते फेडावे, आणि जे पॉइंट मिळतील त्यांतून मुलांना आइस्क्रीम द्यावे. ह्या क्रमात कोठेच ऋण नाही. क्रम उलटा केला, म्हणजे आधी प्रवास आणि मग बारा महिने हप्ते, तर ते ऋण काढून सण करणे झाले; आणि सुटीची छायाचित्रे जुनी झाली तरी हप्ता दर महिन्याला नवाच असतो.

वसईच्या वाचकांना निराळे सांगावयास नको की सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्यांनी १९१८ साली तेथे सहकारी पतसंस्थेचा पाया घातला, आणि तीच आज बसीन कॅथॉलिक बँक म्हणून नांदत आहे. त्या पिढीने ‘पत’ ह्या शब्दाचा अर्थ नीट ओळखला होता. पत म्हणजे किती उधार मिळते हे नव्हे. घेतलेले दिलेल्या दिवशी परत जाते की नाही, हे होय. आज सावकार ओटीवर येऊन बसत नाही, तो खिशातल्या कार्डात असतो आणि हसतमुखाने बक्षीसही देतो, एवढाच फरक.

म्हणून घरातील मिळवत्या मुलामुलींना माझी विनंती आहे. कार्ड असेल तर त्याचे बिल लपवून ठेवू नका. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवून ते घरच्यांसमवेत ओळीने वाचा. आणि आपल्या चाळीतील किंवा कारखान्यातील एखादा सोबती नुसती किमान रक्कम भरीत ओढाताण करीत असेल, तर त्याला हा हिशेब समजावून सांगा. दुसरे कार्ड काढून पहिले फेडण्यापूर्वी आपल्या पतपेढीत चौकशी करावयास त्याच्याबरोबर जा. आपल्या तिकिटात त्याच्या व्याजाचा वाटा आहे, हे ज्याला कळले, त्याने एवढे करावेच.